गाठ सात वाजता

आमच्या सरांच्या उजव्या तर्जनीचं नख कायम अगदी मुळाशी कापलेलं असायचं. १९८२ साली मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात मी सर्जरीची निवासी डॉक्टर म्हणून रुजू झाले. पहिल्याच राऊंडला सरांनी मला हात पुढे करायला लावले, नखं पाहिली आणि म्हणाले, "आजपासून हे बोट तुझं नाही, पेशंटचं आहे." संध्याकाळी खोलीवर जाऊन मी पहिलं काम काय केलं असेल तर ते नख कापलं. ती सवय आजतागायत सुटलेली नाही.

त्या काळी हातमोजे एकदा वापरून फेकायचे नसत. वॉर्डातल्या मावशी ते साबणाच्या पाण्यात धुवायच्या, मागच्या गॅलरीत दोरीवर वाळत घालायच्या, वाळले की एकेक फुगवून गालाजवळ धरायच्या. कुठून वारा लागला की समजायचं, भोक आहे. चांगले निघालेले पावडर लावून, जोड्या करून ऑटोक्लेव्हला जायचे. पावसाळ्यात ते लवकर वाळत नसत, मग मावशींची आणि सिस्टरची रोजची वादावादी. चारदा-पाचदा धुतलेल्या त्या जाड रबरातून आम्ही गुदाशयाच्या गाठी ओळखायला शिकलो.

गाठ कुठे आहे हे घड्याळावर सांगायचं. पेशंट प्रत्यक्षात डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेला असला, तरी तो पाठीवर आहे असं मनात धरायचं. पुढची बाजू बारा, पाठीकडची सहा. सर हात मागे बांधून उभे असत.

"कुठे आहे?"

"सात वाजता, सर."

"किती वर?"

"पाच सेंटिमीटर."

"हलते का?"

या तिसऱ्या प्रश्नावर पुढचं सगळं ठरायचं. गाठ बोटाखाली सहज सरकते, की जरा अडखळते, की खुंटीसारखी रुतून बसली आहे? इंग्लंडमधल्या यॉर्क मेसन नावाच्या सर्जननी १९७६ साली या हलण्यावरून गुदाशयाच्या कॅन्सरच्या पायऱ्या मांडल्या होत्या. मोकळी हलणारी पहिली, घट्ट बसलेली शेवटची. आम्हाला त्या पाठ होत्या. गाठ आतड्याच्या भिंतीत जितकी खोल शिरलेली, तितकी ती कमी हलणार, असा त्यामागचा हिशेब. तो मोठ्या गाठींना बऱ्यापैकी लागू पडायचा. लहान गाठींना मात्र नाही. लहान गाठी बहुतेक सगळ्याच हलतात. अस्तरात असलेलीही हलते आणि खालच्या स्नायूला टोचू लागलेलीही हलते.

म्हणजे चौथा प्रश्न, "किती खोल?", सरांनी कधी विचारलाच नाही. आमच्याकडे उत्तर नाही हे त्यांना माहीत होतं.

उत्तर मिळायचं ते नंतर. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कॅन्सरची ए, बी, सी अशी वर्गवारी केली. भिंतीच्या आतच असेल तर ए, भिंत ओलांडून बाहेर गेला असेल तर बी, लसिकाग्रंथींत पोहोचला असेल तर सी. साधी, सुंदर, पन्नास वर्षं टिकलेली वर्गवारी. पण ती करायला आतडं टेबलावर लागायचं. आधी कापून बाहेर काढायचं, मग कळायचं किती कापायला हवं होतं.

त्या एका वाक्यात काय काय मावतं हे मला १९८४ साली कळलं.

फलटणच्या बाजूचे एक प्राथमिक शिक्षक आले होते. चाळिशी ओलांडलेले, काटक, कपाळाला बुक्का. शौचावाटे रक्त जात होतं आणि दोन वर्षं ते मूळव्याधीची औषधं घेत होते. त्या दोन वर्षांत एकाही माणसाने बोट घालून पाहिलं नव्हतं. मी पाहिलं. सात वाजता, पाच सेंटिमीटरवर, सुपारीपेक्षा लहान. हलत होती. तुकडा तपासायला पाठवला, कॅन्सर आला. बेरियम एनिमाचे फोटो काढले, वर आणखी काही दिसलं नाही. सोनोग्राफीही केली, पण ती पोटावरून. तिला यकृत दिसतं, हाडांच्या ओंजळीत तळाशी बसलेल्या गुदाशयाची तीन मिलिमीटरची भिंत दिसत नाही.

सरांनी रात्री उशिरा पुन्हा एकदा स्वतः तपासलं. बराच वेळ बोट आत ठेवून डोळे मिटून उभे होते. मग बाहेर येऊन म्हणाले, "वरवरची असेल तर खालूनच काढता येईल. पण वरवरची आहे हे मी कशाच्या जोरावर म्हणू?" आणि त्यांनी मोठं ऑपरेशन लिहिलं. अर्नेस्ट माइल्स या लंडनच्या सर्जननी १९०८ मध्ये मांडलेलं, पोटातून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी करायचं. गुदाशय आणि गुदद्वार पूर्ण काढून टाकायचं, खालची जागा शिवून बंद करायची, डाव्या बाजूला पोटावर आतड्याचं तोंड आणायचं. पिशवी, जन्मभराची.

पंधरवड्याने पॅथॉलॉजीचा कागद आला. ड्यूक्स ए. गाठ अस्तराखालच्या थरापर्यंतच पोहोचली होती, स्नायू साफ होता, ग्रंथी साफ होत्या. मी तो कागद जिन्यात उभी राहून वाचला. आनंदाचाच कागद होता तो. माणूस वाचला होता, आणि पुढे वीस वर्षांहून अधिक जगला. सरांचं काही चुकलं असं मी तेव्हा मानलं नाही, आजही मानत नाही. डोळ्यांना दिसत नसलेल्या खोलीवर माणसाचा जीव लावण्यापेक्षा त्यांनी सुरक्षित बाजू निवडली.

पण गुरुजी वारकरी होते. माउलींची पालखी त्यांच्या भागातूनच जायची आणि ते दिंडीत टाळ घेऊन चालायचे. त्या वेळची पिशवी म्हणजे रबरी पट्ट्याने पोटाला बांधलेलं प्लास्टिक. नीट चिकटायची नाही, वास यायचा, कातडी सोलवटायची. पंगतीला बसणं त्यांनी सोडलं, कीर्तनात मागे भिंतीला टेकून उभे राहू लागले. आणि वारी सोडली. दर आषाढीला मला त्यांचं पोस्टकार्ड यायचं. ठसठशीत शाळामास्तरी अक्षर, पाऊसपाण्याची दोन वाक्यं, मुलांची खुशाली, आणि शेवटी ठरलेली ओळ : यंदाही कळसाला घरूनच नमस्कार केला. ती सगळी पोस्टकार्डं माझ्याकडे आहेत.

त्यांच्या ऑपरेशननंतर पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, जर्मनीतल्या हिल्डेब्रांट आणि फाइफेल या सर्जननी सोनोग्राफीचा प्रोब थेट गुदाशयात ठेवून गाठीची खोली ऑपरेशनच्या आधी सांगायची पद्धत मांडली. मला ते वाचायला मिळालं त्यानंतर चार वर्षांनी, ग्रंथालयात उशिरा पोहोचलेल्या एका नियतकालिकात. वाचताना डोळ्यांपुढे गुरुजीच होते.

या कल्पनेचं मूळ आणखी जुनं आहे, आणि ते मला फार आवडतं. जॉन वाइल्ड हे मूळचे इंग्लंडचे डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना फुगलेल्या आतड्यांचे रोगी त्यांनी पाहिले होते. पुढे अमेरिकेत मिनेसोटात गेल्यावर आतड्याच्या भिंतीची जाडी कशी मोजावी या विचारात ते होते. तिथे नौदलाच्या वैमानिकांना रडार शिकवण्यासाठी ठेवलेलं १५ मेगाहर्ट्झचं ध्वनिलहरींचं यंत्र त्यांना मिळालं आणि त्यावर त्यांनी आतड्याचे तुकडे ठेवून पाहिले. भिंतीचे थर वेगवेगळे उमटले. हे १९५० च्या आसपासचं. त्याच दशकात त्यांनी आणि जॉन रीड या अभियंत्याने गुदाशयात घालायचा प्रोबही बनवला. आज सोनोग्राफी म्हटलं की गर्भातलं बाळ आठवतं. पण या तंत्राने माणसाच्या शरीरात जे अगदी आधी मोजायला घेतलं, त्यात आतड्याची भिंत होती.

दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी बसवण्याचं काम १९८० च्या सुमारास अमेरिकेत आणि जर्मनीत झालं. म्हणजे मी गॅलरीत वाळणाऱ्या मोज्यांखालून वॉर्डात जात होते, तेव्हा जगात हे यंत्र होतं. आपल्याकडे मोठ्या शहरांत ते रुळायला मात्र बरीच वर्षं गेली.

मी आता ऑपरेशनं करत नाही. पुण्यात माझ्या एका विद्यार्थ्याचं एंडोस्कोपी सेंटर आहे, तिथे आठवड्यातून दोन सकाळी जाऊन बसते. गेल्या वर्षी एक एसटी कंडक्टर आले होते. वय सेहेचाळीस. वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला, म्हणून यांची दुर्बिणीची तपासणी केली. आतडं सगळं स्वच्छ, फक्त गुदाशयात एक लहानसा उंचवटा. वरचं अस्तर गुळगुळीत, शाबूत, आणि खालून पिवळसर झाक. मक्याचा दाणा पातळ कापडाखाली ठेवावा तसा.

पूर्वी असं काही दुर्बिणीत दिसलं असतं, तर चिमट्याने तुकडा घेतला असता आणि "काही विशेष नाही" असा कागद आला असता, कारण चिमटा वरचं अस्तरच उचलतो आणि गाठ असते त्याच्या खाली. किंवा कुणी उत्साहाने तारेचा फास टाकून वरचा भाग उडवला असता आणि बूड आत राहिलं असतं. माझ्या विद्यार्थ्याने दोन्ही केलं नाही. त्याने गाठीला हात न लावता ईयूएसची तारीख दिली. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड हे लांबलचक नाव सेंटरमध्ये कुणी घेत नाही. रिसेप्शनवरची मुलगी पेशंटला सांगते, "आतून सोनोग्राफी आहे." त्याहून चांगलं मराठी मला तरी सुचलेलं नाही.

ती तपासणी एकदा जवळून पाहावी. खोलीत अंधार. कंडक्टर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. चाळीस वर्षांत तेवढं बदललेलं नाही. सकाळी एनिमा झालेला. दुर्बीण आत गेल्यावर आधी आतली हवा ओढून घेतात आणि गुदाशयात पाणी भरतात, कारण ध्वनिलहरींचं हवेशी वैर आहे. एक बुडबुडा आडवा आला तरी पडद्यावर काळी पट्टी पडते. टोकाभोवती पाण्याचा छोटा फुगा. मग बटण दाबतात आणि पडद्यावर एक वर्तुळ उघडतं. मधोमध यंत्र, भोवती चहूबाजूंनी आतड्याची भिंत, अळूवडीची चकती कापून समोर धरावी तशी. पांढरं, काळं, पांढरं, काळं, पांढरं. पाच कडी. आतली दोन अस्तराची. तिसरं ठळक पांढरं कडं अस्तराखालच्या थराचं. चौथं काळं स्नायूचं. पाचवं बाहेरच्या चरबीचं. पोटावरच्या सोनोग्राफीला ३ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात, इथे ७ पासून २० पर्यंत जाता येतं. लहरी जितक्या बारीक, तितकं जवळचं स्वच्छ आणि लांबचं धूसर. लहान गाठीला जवळचंच पाहायचं असतं.

माझा विद्यार्थी दुर्बीण हळूहळू मागे घेत होता. एका जागी तिसऱ्या पांढऱ्या कड्यात एक काळसर, गोल, कडा रेखीव असलेला ठिपका उगवला. त्याने चित्र थांबवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत माप टाकलं. ७ मिलिमीटर. आणि मग तो गप्प झाला, मीही गप्प झाले, कारण दोघंही एकच गोष्ट पाहत होतो. ठिपक्याच्या खाली चौथं कडं सलग जात होतं. कुठे तुटलेलं नाही, कुठे जाड झालेलं नाही. ठिपका आणि स्नायू यांच्यामध्ये पांढऱ्याची एक बारीक रेघ शिल्लक होती.

ती रेघ पाहायला सरांनी डोळे मिटून बोटाची सगळी शक्ती एकवटली होती.

अस्तराखालची अशी पिवळी, टणक गाठ बहुतेक वेळा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असते. जुन्या पुस्तकांत तिला कार्सिनॉइड म्हणायचे. म्युनिकचे पॅथॉलॉजिस्ट झिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये हे नाव दिलं, कॅन्सरसारखी दिसणारी पण कॅन्सर नव्हे अशा अर्थाने. पुढे १९२९ मध्ये त्यांनी स्वतःच ते दुरुस्त केलं, यातल्या काही पसरतात असं मान्य केलं. गुदाशयात एक सेंटिमीटरच्या आतली असेल आणि स्नायूला लागली नसेल तर पसरण्याची शक्यता फार कमी. दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली तर गंभीर. मधल्या पट्ट्यात सगळा विचार. म्हणून मिलिमीटर मोजायचे. २०१८ साली अभिनेता इरफान खानने आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून हा शब्द घराघरात गेला. कंडक्टरांच्या पत्नीने तोच प्रश्न विचारला, "इरफानला झाला होता तोच का हो?" मी त्यांना बाजूला बसवून सांगितलं, नाव एक असलं तरी जागा, आकार आणि स्वभाव यांवर सगळं असतं, आणि तुमच्या यजमानांची गाठ आपण अगदी लहान असताना गाठली आहे.

दोन दिवसांनी गाठ काढली. दुर्बिणीच्या टोकाला टोपी बसवून गाठ आत ओढून घेतली, बुडाशी रबराचं कडं सोडलं आणि कड्याच्या खालून तारेने कापली. अर्धा तास. दुसऱ्या दिवशी घरी. कागदावर लिहून आलं : कडा मोकळ्या, सर्वांत सौम्य प्रत.

मी या यंत्राच्या प्रेमात पडून त्याचे दोष झाकणार नाही. गाठीभोवती सूज असेल किंवा नुकताच तुकडा घेतलेला असेल, तर काळं-पांढरं एकमेकांत मिसळतं आणि गाठ आहे त्यापेक्षा खोल वाटते. आतडं अरुंद झालं असेल तर दुर्बीण पुढे जात नाही. मोठ्या, भिंत फोडून गेलेल्या कॅन्सरला एमआरआयच जास्त चांगलं सांगतो, आणि तिथे एमआरआयच करावा. अस्तराखालच्या थरात गाठ वरच्या भागात आहे की तळाशी, हे अनुभवी माणसालाही दरवेळी छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि हात. हे सगळं पाहणाऱ्याच्या हातावर आहे. बोटासारखंच हेही वर्षानुवर्षं घासून शिकावं लागतं.

जुन्या दिवसांतलं काय परत यावं असं वाटत नाही, तेही सांगायला हवं. चाळीस खाटांच्या वॉर्डात चाकांचा एक पडदा ओढायचा, त्याला मधोमध भोक, आणि त्यामागे माणसाला उघडं करायचं. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक मान वळवायचे, काही नाही वळवायचे. बायकांचे हाल तर बोलायची सोय नाही. रक्त जातंय हे नवऱ्याला सांगायलाच त्यांना वर्ष लागायचं. ओपीडीत मी एकटी बाई डॉक्टर दिसले की माझ्या टेबलापुढे रांग लागायची, आणि तपासून झाल्यावर किती जणी माझा हात धरून रडल्या याची गणती नाही. आता बंद खोली आहे, स्वच्छ गाऊन आहे, सोबत सिस्टर आहे. हे हवंच होतं, फार आधी हवं होतं.

पण एक गोष्ट हरवते आहे आणि तिचं मला मनापासून दुःख आहे. बोट. दारात यंत्र आलं म्हणून तपासणारं बोट खिशात गेलं. कंडक्टरांच्या डेपोजवळच्या भिंतीवर अजून तीच रंगवलेली जाहिरात आहे, ऑपरेशनशिवाय मूळव्याध-भगंदर बरे करण्याची. तिच्या नादाने महिनोन्‌महिने फुकट घालवून आलेली माणसं मी आजही पाहते, आणि त्यांच्या फाइलींत चांगल्या डिग्रीच्या डॉक्टरांच्याही चिठ्ठ्या असतात. मलम, पावडर, गोळ्या. बोटाची तपासणी कुठेच लिहिलेली नाही. गुरुजींची ती दोन वर्षं चाळीस वर्षांनंतरही जशीच्या तशी समोर येऊन बसतात तेव्हा माझा संताप होतो. मशीन पुण्या-मुंबईत आहे, काही मोठ्या शहरांत आहे, तालुक्याला नाही. बोट तालुक्यालाही आहे, वाडीवरही आहे. गुदाशयाच्या खालच्या सात-आठ सेंटिमीटरमधली गाठ त्याला लागते.

सेंटरमध्ये एक नवी मुलगी शिकायला आली आहे, लातूरकडची. मागच्या गुरुवारी एक आजी आल्या होत्या, गाठीसाठी आतल्या सोनोग्राफीला. अंधार केलेला, पाण्याची बाटली टांगलेली, फुगा भरून तयार. त्या मुलीने दुर्बीण हातात घेतली नाही. आधी आजींच्या खांद्यावर हात ठेवला, "आजी, थोडं गार लागेल हं," म्हणाली, आणि जेली लावून बोटाने तपासलं. अंधारात मला तिचा चेहरा दिसत नव्हता. तिने डोळे मिटले असावेत, कारण बराच वेळ ती बोलली नाही.

मी विचारलं, "कुठे आहे?"

"सात वाजता, मॅडम. सहा सेंटिमीटरवर. हलते आहे."

"किती खोल?"

"बघूया," ती म्हणाली, आणि पडद्यावर ते वर्तुळ उघडलं.